पद्मिनी उलटी टांगण्याआधी: रोटिसरीवरच्या या चुका टाळा

ग्रिल चिकनच्या दुकानात सळईला खोचलेली कोंबडी फिरत असते ना, रोटिसरी म्हणजे तेच, फक्त कोंबडीच्या जागी गाडीची उघडी बॉडी. पुढे एक स्टँड, मागे एक, आणि बॉडी हवी तशी कलती करायची. गाडीखाली पाठ टेकून झोपायला नको, वेल्डिंगच्या ठिणग्या कॉलरमध्ये जायला नकोत.

माझी पहिली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, मात्र मी या सोयीपायीच बिघडवली. फ्लोअर कुजला होता, दारांखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, हाताने चुरत होत्या. मी आधी बॉडी टांगली आणि मग कटर चालवला. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दोन टोकांना टांगलेल्या बॉडीतून सिल कापला की मधला भाग खाली बसतो. दोन दिवसांनी दार लावून पाहिलं, तर वरच्या बाजूला खांबाला घासत होतं आणि खाली करंगळी जाईल एवढी फट. तोवर नवा सिल पक्का वेल्ड झालेला. तो पुन्हा कापावा लागला.

तेव्हा सिलचं काम जमिनीवरच उरका. बॉडी घोड्यांवर (टेकूंवर) लेव्हलमध्ये ठेवा, दारं बसवून फटी पाहा, मग दारं काढून चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवे-तिरपे टॅक करा, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरते पकडा. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून त्याच पाइपवर मार्करने लिहा, कागद हरवतो. एका वेळी एकच बाजू कापा. बॉडी आधीच बसली असेल तर नुसतं दार ठोकून जुळवू नका. नव्या सिलचे टॅक सोडवा, मध्ये जाड फळी लावून जॅकने हळूहळू उचला, कर्ण जुळले की मगच वेल्ड करा.

दुसरी तक्रार नेहमीची: बॉडी फिरते, पण थांबत नाही. ठरावीक कोनापुढे गेली की स्वतःच धाडकन वळते. बेअरिंगला दोष देऊ नका, तोल चुकलाय. दोघांनी धरून बॉडी आडवी, नव्वद अंशांत आणा आणि सावकाश सैल सोडा. फ्लोअर खाली जात असेल तर आसाच्या मानाने बॉडी वर सरकवा. छप्पर खाली जात असेल तर उलट. तोल जमला की एका हाताने फिरते. तरीही लॉकची पिन घातल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. आणि दोन्ही स्टँड खालून पाइपने जोडा. सुटे स्टँड एकमेकांपासून सरकतात.

बॉडी स्टँडला पकडायला बंपरच्या ब्रॅकेटची भोकं सोयीची, पण तिथला पत्रा सडलेला असेल तर आधी तो बदला. गुळगुळीत रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली निघते, म्हणून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पेट्रोलची टाकी आणि लाइन आधीच काढलेली हवी, हे सांगायला नको. वेल्डिंगची अर्थ (करंट परत नेणारी वायर) स्टँडला लावायची सवय सोडा. करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. जिथे वेल्ड, तिथेच शेजारी अर्थ.

पत्रा खरवडून पांढरा केला की प्रायमर त्याच दिवशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी तांबूस दिसतोच. हाताचा घामसुद्धा पुरतो, हातमोजे घाला. फ्लोअरखाली सीलर फासताना पाणी निचऱ्याची भोकं बुजवली, तर वर्षभरात नवा पत्रा आतून कुजायला लागेल. भोकात आधी काडी खोचून ठेवा.

सँडब्लास्टिंग छपरावर आणि बॉनेटवर नकोच; जोराचा मारा बसला की सपाट पत्रा लाटा धरतो. फ्लोअरखाली चालेल, पण वाळू सिलच्या आणि खांबांच्या पोकळीत शिरते आणि तिथेच बसून राहते. बाहेर कधी येते? शेवटचा हात मारून, खालचा कोपरा रंगवायला बॉडी कलती केली की, थेट ओल्या रंगावर. म्हणून प्रायमरच्या आधी बॉडी पूर्ण उलटी करा, रबरी हातोड्याने सिल ठोका, भोकांतून हवा मारा, परत फिरवा. आतली खरखर बंद होईपर्यंत हेच.