ग्रुपमध्ये गायला जाताय? आधी टीनेजर्सची गोष्ट ऐका

मी मूळचा डोंबिवलीचा. एमएस करायला न्यू जर्सीला आलो आणि पहिल्याच सेमिस्टरला वाद्यांशिवाय गाणाऱ्या एका ग्रुपमध्ये शिरलो, आवाज जाड म्हणून त्यांनी थेट बासला, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाला, उभं केलं. इथे नवीन येणारी मराठी मुलं विचारतात की अशा ग्रुपमध्ये जायचं तर तयारी काय करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. थोडं गाण्याबद्दल आणि बरंचसं 'द टीनेजर्स' नावाच्या एका जुन्या अमेरिकन ग्रुपबद्दल, कारण त्यांची गोष्ट मला वेळेवर कोणी सांगितली असती तर माझे दोन मित्र आज माझ्याशी बोलत असते.

आधी गाण्याचं. सुरुवात डू-वॉप या जुन्या अमेरिकन गायनशैलीपासून करा, कारण त्याचा सांगाडा सोपा आहे. चार-पाच जण, एक लीड म्हणजे मुख्य गायक, एक बास, बाकीचे मधली हार्मनी म्हणजे जुळणारे वेगळे सूर, आणि मागचे शब्द न गाता नुसते डू, वा, बॉम असले बोल म्हणतात. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया वगैरे शहरांतली गरीब वस्तीतली पोरं वाद्यं परवडत नव्हती म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्यात, सबवे स्टेशनात जिथे आवाज घुमेल तिथे उभी राहून गायची, त्यातून हे आलं. बहुतेक गाण्यांत चारच कॉर्ड (एकत्र लागणारे सूर) फिरत राहतात, पेटीवर सांगायचं तर सा ग प, मग ध सा ग, मग म ध सा, मग प नि रे. बास खाली सा, ध, म, प एवढंच धरतो. मला वाटलं होतं पाच मिनिटांत येईल, पण सगळ्यात जास्त त्रास मलाच झाला, कारण लहानपणापासून क्लासमध्ये मींड घेत एका सुरावरून दुसऱ्यावर जायची सवय, आणि इथे सूर सरळ, न हलवता धरायचा असतो, जरा घसरलात की वरच्या तिघांची हार्मनी मोडते. शिवाय आपण तानपुऱ्याला धरून गातो, इथे तानपुरा नाही, शेजारचा माणूस हाच तानपुरा. पहिला महिनाभर फक्त 'आ' आणि 'ऊ' सगळ्यांचे एकसारखे उघडतात का एवढंच करा, कंटाळा येईल पण करा.

आता टीनेजर्स. मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्समधल्या एडवर्ड डब्ल्यू. स्टिट ज्युनिअर हायस्कूलच्या आसपासची ही पोरं. शर्मन गार्न्स आणि जिमी मर्चंट हे दोघे कृष्णवर्णीय, हर्मन सँटियागो आणि जो नेग्रोनी हे पोर्टो रिकन घरांतले, आणि नंतर येऊन मिळाला फ्रँकी लायमन, वयाने सगळ्यांत लहान. लीड आधी हर्मन गायचा. व्हॅलेंटाइन्स नावाच्या ग्रुपमधल्या रिचर्ड बॅरेटने त्यांना ऐकलं आणि जॉर्ज गोल्डनर या कंपनीवाल्याकडे नेलं, आणि रेकॉर्डवर लीड आला फ्रँकीच्या गळ्यात. 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' हे गाणं जानेवारी १९५६ मध्ये गी रेकॉर्ड्सवर बाहेर पडलं तेव्हा तो १३ वर्षांचा होता. अमेरिकेच्या पॉप यादीत ६ वा नंबर, रिदम अँड ब्लूजमध्ये पहिला, आणि त्याच उन्हाळ्यात ब्रिटनमध्येही पहिला. आवाज फुटायच्या आधीचा तो गळा आहे, उंच आणि चकचकीत, आणि त्या वयात त्याला तालाची केवढी समज होती हे गाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. लहान मुलाला पुढे ठेवणारे कितीतरी ग्रुप त्यानंतर निघाले.

आणि खाली येणंही तितक्याच वेगाने झालं. रेकॉर्डवर सुरुवातीला नाव होतं 'द टीनेजर्स, फीचरिंग फ्रँकी लायमन', काही महिन्यांतच ते 'फ्रँकी लायमन अँड द टीनेजर्स' झालं, म्हणजे जो ग्रुपमधला एक होता तो आता पुढे आणि ग्रुप त्याच्या मागे. माझ्या मते फूट तिथेच पडली. १९५७ मध्ये लंडन पॅलेडियमपर्यंत जाऊन आले आणि त्याच वर्षी फ्रँकीला ग्रुपमधून काढून एकट्याने गायला लावलं गेलं. उरलेल्या चौघांनी दुसरा लीड घेऊन बघितला, नाही चाललं. फ्रँकीचंही नाही चाललं, आवाज फुटला आणि ज्या गळ्यासाठी लोक येत होते तो राहिलाच नाही. त्यात १९५७ च्या जुलैमध्ये रेडिओवर रॉक अँड रोल गाजवणाऱ्या ॲलन फ्रीडच्या टीव्ही शोवर तो एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला, दक्षिणेकडच्या स्टेशनवाल्यांनी गदारोळ केला आणि तो शो लगेच बंद पडला. एका मुलाने एका मुलीबरोबर नाच केला एवढंच, त्या देशात तेव्हा तेही खपलं नाही. पुढे तो हेरॉइनमध्ये अडकला आणि २७ फेब्रुवारी १९६८ ला हार्लेममध्ये आजीच्या घरी वारला, वय २५. लिहितानाही हात जड होतो, कारण त्याच्या आजूबाजूला इतकी मोठी माणसं होती आणि या पोराला सांभाळणारं त्यात कोणी नव्हतं.

पण नवीन लोकांनी खरं लक्ष द्यायचं ते यापुढे. गाणं लिहिलं कोणी? कागदावर नाव फ्रँकीचं आणि गोल्डनरचं, पुढे गोल्डनरचा धंदा मॉरिस लेव्हीकडे गेला आणि गीतकार म्हणून लेव्हीचं नाव लागलं, ज्याचा गाणं बनवण्याशी काही संबंध नव्हता. १९८१ मध्ये गायिका डायना रॉसने ते गाणं परत हिट केलं, रॉयल्टीचा पैसा दिसायला लागला आणि कोर्टकचेऱ्या जोरात सुरू झाल्या. फ्रँकीची विधवा मीच म्हणत तिघी पुढे आल्या, शेवटी १९८९ मध्ये अपिलात एमिरा ईगल यांच्या बाजूने निकाल लागला. हर्मन आणि जिमी वेगळे लढत होते, १९९२ मध्ये ज्युरीने मान्य केलं की फ्रँकीबरोबर हे दोघेही त्या गाण्याचे लेखक आहेत. आणि १९९६ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, कारण काय तर सहलेखक असल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करायला हवा होता. म्हणजे लिहिलं नाही असं कोर्ट म्हणालं नाही, उशीर केलात म्हणालं. शाळेतल्या पोरांना तीन वर्षांची मुदत कोण समजावणार होतं?

आता आमचं. आम्ही पाच जणांनी एक स्वतःचं गाणं बांधलं, प्रॅक्टिस संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये, थंडीत, अर्धी चाल एकाची, शब्द दोघांचे, बासची ओळ माझी. ऑनलाइन टाकायच्या रात्री फॉर्म भरायला एकच जण जागा होता, त्याने गीतकार-संगीतकार या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं आणि आम्ही म्हणालो नंतर बदलू. दोन वर्षांनी एका छोट्या जाहिरातीसाठी गाणं घेतलं गेलं, पैसे फार नव्हते, पण ते एकाच्याच खात्यात आले आणि मग कोणी किती लिहिलं यावर जे बोलणं झालं ते परत जोडता आलं नाही. चूक माझीही आहे, मी त्या रात्री झोपलो होतो.

म्हणून नवीन ग्रुपला मी एकच गोष्ट हट्टाने करायला लावतो. ज्या दिवशी गाणं तयार होतं त्याच दिवशी एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, कोणाचे किती टक्के, सगळ्यांच्या सह्या, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा फोटो. इथे त्याला स्प्लिट शीट म्हणतात, वकील लागत नाही. भारतात गाणी करत असाल तर गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचे, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचे, मेंबर व्हा, आणि हे माहीत असू द्या की २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेतला तरी काढून घेता येत नाही. कोणी 'सगळे हक्क आमचे' असा कागद पुढे केला तर सही करायच्या आधी वाचा, नाही कळलं तर घरी न्या. ग्रुपचं नाव कोणाचं, एक जण सोडून गेला तर त्या नावाने कोण गाणार, हेही सगळे एकमेकांना आवडत असतानाच ठरवा. आणि ग्रुपमध्ये कोणी अठराच्या आतलं असेल तर आईवडिलांना पहिल्या मीटिंगलाच बोलवा, याबाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही.

१९९३ मध्ये टीनेजर्सना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. शर्मन १९७७ मध्ये वारला होता, जो नेग्रोनी १९७८ मध्ये. ते गाणं आज लावाल तेव्हा फ्रँकी यायच्या आधीचे काही सेकंद नीट ऐका, तिथे शर्मनचा बास एकटाच असतो, शब्द नाहीत, नुसते बोल, आणि पुढचं सगळं गाणं त्या बोलांवर उभं राहतं. हेडफोन लावून त्याच्याबरोबर खालच्या सप्तकात गाऊन बघा, श्वास न तुटता जमलं तर पहिल्या प्रॅक्टिसला बासच्या बाजूला जाऊन उभे राहा.