बँक खाते आणि वैयक्तिक माहिती कशी जपावी
बँकेतून बोलत असल्याचे सांगून कोणी ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मागितला, तर संभाषण तिथेच थांबवावे. कारण खऱ्या बँक कर्मचाऱ्याला ही माहिती लागतच नाही, आणि स्क्रीनवर दिसणारा क्रमांकही बनावट असू शकतो. खात्रीसाठी कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. समोरचा घाई करू लागला, की माझ्या मते तीच धोक्याची सर्वांत मोठी खूण समजावी. ईमेलचा पासवर्ड इतर सर्व पासवर्डांपेक्षा वेगळा ठेवावा. मोबाइलचे नेटवर्क अकारण बराच वेळ गेले, तर आपल्या नावाने दुसरे सिमकार्ड घेतले गेले असण्याची शक्यता ओळखून मोबाइल कंपनीला व बँकेला त्वरित कळवावे. पैसे गेलेच, तर संकोचाने गप्प न राहता खाते तत्काळ गोठवून घ्यावे आणि तक्रारीची पोच जपून ठेवावी.