गिट्टी चाळूनही रूळ बसतोच? या चुका टाळा

इंदूरच्या आसपास ट्रॅकचं काम करणाऱ्यांची ठरलेली तक्रार: पॅकिंग (स्लीपरखाली गिट्टी ठासणं) झालं, बीसीएम म्हणजे गिट्टी उपसून चाळणारं मशीन फिरलं, आणि पहिल्याच पावसात लेव्हल पुन्हा गेली. मशीनला बोल लावण्याआधी रुळाखाली काय आहे ते बघा.

बीसीएम स्लीपरखालून साखळी फिरवून गिट्टी उपसते, चाळणीवर घालते, चुरा बाजूला फेकते आणि स्वच्छ दगड परत पसरते. त्याखालची माती तशीच राहते. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. गाड्यांच्या दणक्यांनी तिचा चिखल वर चढतो आणि नुकत्याच चाळलेल्या गिट्टीत शिरतो. म्हणून ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवून मिळणारा वेळ) मागण्याआधी स्लीपरच्या टोकाशी खड्डा घ्या. राखाडी, कोरडा चुरा निघाला तर दगड झिजलाय, चाळणी पुरेल. बोटांना चिकटणारा काळा लगदा खालून आलेला दिसला किंवा सेसची (गिट्टीच्या कडेच्या मोकळ्या पट्टीची) माती फुगून उचलली गेली असेल, तर तिथे बीसीएम लावणं म्हणजे गळक्या छपराखाली रोज फरशी पुसणं. अशा जागी वरची माती काढून जाड, चांगल्या प्रतवारीच्या वाळूसारख्या मालाचं ब्लँकेट घालावं लागतं, गरजेप्रमाणे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) ही. ऑस्ट्रियन बनावटीचं एएचएम ८००-आर हे मशीन हे काम रूळ न उचकटता करतं, शिवाय जुनी गिट्टी फोडून तीच खालच्या थरात वापरतं. बीसीएमकडून ही अपेक्षा ठेवू नका.

उपसलेला चुरा सेसवर ढीग करून सोडणं ही तर रोज दिसणारी चूक. पाऊस आला की त्याचाच बांध होतो आणि पाणी रुळाखाली तुंबतं. भरावावर तो उताराखाली ढकला. कटिंगमध्ये (जमीन खोदून रूळ टाकलेल्या भागात) उचलूनच न्या, नाहीतर नाली बुजलीच म्हणून समजा. कटर बारलाही (स्लीपरखाली साखळी फिरते त्या दांड्याला) बाहेरच्या बाजूला उतार हवा. खोली मधेच कमी-जास्त केली की तळाला खळगे पडतात, आणि पाणी नेमकं तिथेच साचतं.

ओल्या दिवसांत चाळणीचा हट्ट नको. माती भोकांत बसते आणि ‘स्वच्छ’ म्हणून परत जाते ती माखलेली गिट्टी. केबल कुठून गेलीय हे सिग्नलवाल्यांकडून आधीच दाखवून घ्या, साखळी विचारत बसत नाही.

उन्हाळ्याचा धोका वेगळा. गिट्टी हलली की सलग जोडलेल्या रुळाची आडवी पकड सुटते. डिस्ट्रेसिंग तापमानाहून (ज्या तापमानाला रूळ ताणमुक्त करून बसवलाय त्याहून) १० अंशांपेक्षा जास्त रूळ तापला असेल तर काम थांबवा. मे महिन्यातल्या दुपारी इंदुरात ही मर्यादा सहज ओलांडली जाते, तेव्हा ब्लॉक पहाटेचा मागा.

चुरा गेला की गिट्टी कमी पडणारच. २० ते ६५ मिमीचा नवा दगड आधी आणून ठेवला नाही तर टॅम्पिंगचे (मशीनने गिट्टी ठासण्याचे) दात पोकळीत फिरतात. टॅम्पिंगमागून स्टॅबिलायझर (रूळ थरथरवून गिट्टी घट्ट बसवणारं मशीन) चालवा आणि कॉशन (गाड्यांवरची वेगमर्यादा) टप्प्याटप्प्यानेच उठवा, तेही दर वेळी लेव्हल मोजून.