चेंडूवरून नजर काढायला शिकताना

पहिल्या उन्हाळ्यातली माझी वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यात बारा सामन्यांच्या नोंदी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पानावर एकच गोष्ट लिहिलेली: कोणी किती गुण केले. उन्हाळी लीग बघून ये, संघासाठी कोणी चांगलं दिसतं का सांग, असं आमच्या सरांनी सुचवलं होतं. मी स्वतः कॉलेजपर्यंत बास्केटबॉल खेळले होते, त्यामुळे आपल्याला खेळ कळतो असा विश्वास होता. सरांनी वही चाळली आणि विचारलं, "अकरा नंबरनं चौदा गुण केले, हे गुणफलकावरही होतं. त्याच्या हातात चेंडू नव्हता तेव्हा तो काय करत होता?" मला सांगता येईना.

हिशेब करून बघा. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर धरले तर सामना ४० मिनिटांचा. मैदानावर दहा जण, चेंडू एक. तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला आणि हवेत गेलेला वेळ मोजलाच नाही, तरी एकाच्या हातात तो चार मिनिटं असतो. उरलेली ३६ मिनिटं खेळाडू चेंडूशिवाय खेळतो. तुम्हाला प्रशिक्षक व्हायचं असेल, निवडीचं काम करायचं असेल किंवा सामन्यांची आकडेवारी ठेवायची असेल, तर डोळ्यांना त्या ३६ मिनिटांची सवय लावावी लागते. ती लावायला उन्हाळी लीग फार चांगली जागा आहे. संघ घाईत जमवलेले असतात, एकत्र सराव जेमतेम दोन-चार वेळा झालेला असतो, ठरवलेल्या चाली जवळपास नसतातच. अशा वेळी मूल सवयीनं जे करतं तेच मैदानावर दिसतं.

पण याच कारणानं इथले गुण फसवतात. डिफेन्स सैल असतो, परत धावायला अर्धा संघ तयार नसतो, फास्ट ब्रेकवर, म्हणजे समोरचे परतायच्या आत केलेल्या झटपट हल्ल्यात, सोपे लेअप (रिंगजवळ जाऊन केलेले बास्केट) मिळतात. पुष्कळ स्थानिक लीगमध्ये शॉट क्लॉकही, म्हणजे ठरावीक वेळात शॉट घ्यायला लावणारं घड्याळही, नसतं. व्यावसायिक खेळात २४ सेकंदांचं बंधन एनबीए या अमेरिकन लीगनं १९५४ साली आणलं, कारण आघाडी मिळालेले संघ चेंडू अडवून धरत आणि सामने रटाळ होत. ते बंधन नसलं की एखादा मुलगा वीस-वीस सेकंद ड्रिबल करत राहतो आणि शेवटी बास्केट करतो. टाळ्या पडतात. तेवढ्या वेळात त्याचे चार सहकारी उभे राहून थकलेले असतात. हेही लिहून ठेवा.

कुठे बसायचं, हे मला फार उशिरा कळलं. मधल्या रेषेसमोरची जागा प्रेक्षकांसाठी उत्तम, पण तिथून डोळे आपोआप चेंडूमागे डावी-उजवीकडे फिरतात. मी आता कोपऱ्यात, बेसलाइनच्या (रिंगमागच्या शेवटच्या रेषेच्या) मागे, जमेल तितक्या उंचावर बसते. तिथून दहाही जण एका नजरेत येतात. आणि वॉर्मअपच्या आधी पोहोचते. लेअपच्या रांगेत कमकुवत हातानं कोण प्रयत्न करतं आणि डावीकडून आल्यावरही कोण गुपचूप उजव्या हातावर चेंडू घेतं, हे तिथे पाच मिनिटांत कळतं.

पद्धत मात्र सरांनीच शिकवली: एक क्वार्टर, एक खेळाडू. बाकी सामना गेला तरी चालेल.

मी पहिल्यांदा असं बघितलं ते बारा नंबरच्या एका मुलीला. तेरा-चौदा वर्षांची असेल, अंगानं बारीक. त्या क्वार्टरमध्ये तिनं दोन गुण केले. माझ्या जुन्या पद्धतीनं तिचं नावही वहीत आलं नसतं. सुरुवातीची दोन मिनिटं माझीच नजर पुन्हा पुन्हा चेंडूकडे पळत होती, ती ओढून आणावी लागत होती. मग हळूहळू दिसायला लागलं. तिच्या मैत्रिणीचं ड्रिबल साइडलाइनपाशी संपलं, समोरच्या संघातल्या दोघी अंगावर आल्या, तेव्हा बाकीच्या तिघी लांबून हात वर करून चेंडू मागत होत्या. बारा नंबर चेंडूच्या दिशेनं तीन पावलं धावत आली आणि पास घ्यायला जागा करून दिली. मागून स्क्रीन येतोय, म्हणजे वाट अडवायला समोरची खेळाडू येऊन उभी राहतेय, हे तिनं ओरडून सांगितलं. शॉट सुटला की त्या वयाची मुलं मान वर करून रिंगकडे बघतात. ती आधी मागे वळून समोरच्या संघातली आपल्या वाटणीची खेळाडू शोधायची, तिला पाठ लावून रिंगपासून दूर ठेवायची, म्हणजे बॉक्स आउट करायची, आणि मगच वर बघायची. एकदाही रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, तिच्या हातात आला नाही. दोनदा तो तिच्यामुळे दुसरीला मिळाला.

या वयात शरीराचा अंदाज बांधणं सर्वांत अवघड. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या. एकाच वयोगटात मिशी फुटलेला मुलगा आणि त्याच्या खांद्याला लागणारा मुलगा समोरासमोर उभे असतात. वयाची मोजणी १ जानेवारीपासून होत असेल तर जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांत जवळपास वर्षाचं अंतर पडतं. आज अंगबळावर जिंकणारा दोन वर्षांनी जिंकेलच असं नाही. ज्याचे पाय एकदम लांब झालेत तो सध्या धडपडतो, चेंडू सांडतो, त्याला लगेच खोडू नका. एनबीएतला अँथनी डेव्हिस शाळेत असताना गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या, बहुधा बुटक्या खेळाडूच्या जागी, खेळायचा. मग सुमारे २० सेंटीमीटर उंची वाढली आणि २०१२ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, तो पहिला निवडला गेला. निकोला योकिचला २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर घेतलं. तो उंच उडीसाठी किंवा वेगासाठी कधीच ओळखला गेला नाही. कोण कुठे मोकळा होणार हे त्याला आधी दिसतं, आणि त्या जोरावर तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

शॉटच्या बाबतीतही घाई करू नये. रिंग ३.०५ मीटर उंच, मोठ्यांची तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत ६.७५ मीटरवर. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात पूर्ण मापाचा सात नंबरचा चेंडू दिला तर तो कमरेपासून ढकलूनच मारणार. लहानांसाठी पाच नंबरचा चेंडू असतो तो त्यासाठीच. मी हातांऐवजी पाय बघते. पास घेताना तोल आहे का, दोन्ही पायांवर थांबता येतं का, पिव्होट करताना, म्हणजे एक पाय रोवून वळताना, डोकं वर असतं का. हाताची ठेवण पुढे सुधारता येते.

आणि चूक झाल्यानंतरचे पाच सेकंद. चेंडू हातून गेला, लेअप हुकला, पंचांनी फाउल दिला. कोणी हात पसरून रेफरीकडे बघत राहतो, कोणी सहकाऱ्यावर खेकसतो, कोणी त्याच क्षणी वळून परत धावतो. माझ्या वहीत आता यासाठी वेगळा रकाना आहे.

लिहिताना विशेषणं टाळा. मी एका मुलाबद्दल 'आळशी' असं लिहिलं होतं. नंतर कळलं की तो त्याचा त्या दिवसातला तिसरा सामना होता आणि त्याच्या संघाकडे बदली खेळाडूच नव्हता. मला त्याची अजून खंत वाटते, कारण ते पान वाचून त्याला कोणी बोलावलं नसतं. 'चौथ्या क्वार्टरमध्ये तीनदा चालत परतला, संघात पाचच जण' असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला स्वतः ठरवता आलं असतं. तेव्हापासून क्रियापद लिहायचं आणि सोबत परिस्थिती.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही मुलं आहेत. परवानगीशिवाय चित्रीकरण करू नका. मुलाला बाजूला घेऊन 'तू खूप पुढे जाशील' असं सांगू नका. आवडलं तर आधी त्याच्या कोचशी बोला, मग पालकांशी. तुमचं एक वाक्य ते मूल अख्खं वर्ष बरोबर घेऊन फिरतं.

त्या सामन्यात चौथ्या क्वार्टरला बारा नंबर बाहेर होती. माझा क्वार्टर संपला होता, तरी मी तिच्याकडेच बघत होते. धापा टाकत एक मुलगी बेंचवर आली, हिनं सरकून जागा दिली, पाण्याची बाटली पुढे केली आणि मैदानाकडे बोट दाखवत म्हणाली, "ती सात नंबर डावीकडूनच जाते बघ, उजवा हात वापरतच नाही." मी सात नंबरकडे बघायला लागले. खरंच होतं.