सहभागी डिझाइनची ऑनलाइन परिषद घेताय? या चुका टाळा

विषयपत्रिका पक्की करून मग कारागिरांना लिंक पाठवणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. वस्तू जे घडवतात, वापरतात, त्यांचा निर्णयात वाटा हवा, हा सहभागी डिझाइनचा पाया. १९७०च्या दशकात नॉर्वे-स्वीडनमधल्या कामगार संघटनांच्या कामातून तो घातला गेला. तेव्हा कशावर बोलायचे हे ठरवणारी पहिली बैठकच कारागिरांबरोबर घ्या, आणि तीही बेळगाव जिल्ह्यात, कोल्हापुरी चपला जिथे घडतात त्या निपाणीत किंवा अथणीत जाऊन, समोरासमोर.

निमंत्रण कुणाला जाते तेही बघा. कोल्हापुरी चपलेची वेणी घालण्यासारखे नाजूक काम बऱ्याच घरांत बायका करतात. फोन मात्र पुरुषाच्या खिशात. बायकांना त्यांच्या नावाने बोलवा. ज्यांची कमाई जोडावर असते त्यांचा दिवस मोडतो, म्हणून मजुरी त्याच दिवशी द्या.

भाषेची चूक

कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, त्यांत बेळगावही येतो. चप्पल एक, पण कुणी मराठीत बोलणार, कुणी कन्नडमध्ये. आयोजक इंग्रजी स्लाइड लावतात आणि शेवटी 'थोडक्यात मराठीत सांगतो' म्हणतात. त्या थोडक्यातच सगळे निसटते. दोन्ही भाषा येणारा, धंद्यातले शब्द माहीत असलेला दुभाषी घ्या आणि प्रत्येक सत्राला दुप्पट वेळ धरा. तासाभरात तीन विषय उरकण्यापेक्षा एकच नीट होऊ द्या.

हात दिसत नाहीत, आवाज येत नाही

कारागीर चामडे ठोकून दाखवतो आणि पलीकडे शांतता! झूमसारखी ॲप ठोकण्याचा आवाज गोंगाट समजून दाबतात. सेटिंगमध्ये जाऊन 'ओरिजिनल साउंड' सुरू करा. एक फोन चेहऱ्यावर, दुसरा स्टँडला लावून हातांवर ठेवा.

ऑनलाइन बोर्डावर चिठ्ठ्या चिकटवायला लावू नका. लहान फोनवर ते जमत नाही आणि माणूस संकोचून गप्प बसतो. १९८०च्या दशकात स्वीडनच्या 'युटोपिया' प्रकल्पात छपाई कामगारांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला लेझर प्रिंटर मानून आपले भावी काम आखले होते. आपणही तेच करावे. पुठ्ठा, कात्री, चामड्याचे तुकडे आठवडाभर आधी पोहोचवा. लोक हाताने करून दाखवतील, गावातला कार्यकर्ता फोटो व्हॉट्सॲपवर टाकेल.

रेंज आणि पाऊस

प्रत्येकाने घरून जोडले जावे ही अपेक्षा सोडा. गावात एक केंद्र ठेवा: मोठा पडदा, इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या कुंभारांनाही बोलवायचे असेल तर जुलै टाळा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो आणि तालुक्यात भाताची रोवणी चालू असते. तरीही जोडणी तुटलीच, तर साधा फोन लावून स्पीकरवर ठेवा. त्या केंद्राविना निर्णय मात्र घेऊ नका. ते परत येईपर्यंत थांबा किंवा विषय दुसऱ्या दिवशी घ्या.

न विचारता रेकॉर्डिंग करणे तर अगदीच चूक. नवा नमुना बाजारात जायच्या आधी सगळीकडे फिरला तर नुकसान कारागिराचे होते. काय रेकॉर्ड करायचे आणि ते कुणाकडे राहील, हे दोन्ही भाषांत आधी विचारा.

परिषद संपल्यावर अहवालाची पीडीएफ पाठवून मोकळे होऊ नका. ठरलेले मुद्दे मराठी आणि कन्नडमध्ये आवाजी संदेशाने पाठवा, आठ दिवस दुरुस्त्या घ्या आणि मगच अहवाल पक्का करा.