लंडनच्या 'सीझन'मधली लव्हस्टोरी मराठीत लिहायचीय? मग आधी नियम पाठ करा

ड्यूक, झुंबरं आणि रेशमी गाऊन टाकला की झाला रीजन्सी रोमान्स, असं समजून लिहिलेल्या कथा हल्ली ढिगाने वाचायला मिळतात आणि दुसऱ्या भागातच जांभया सुरू होतात, कारण हिरो-हिरोईन बागेत एकटे भेटतात, तासभर गप्पा मारतात, ती एकटीच घरी जाते आणि घरात कोणी एक प्रश्न विचारत नाही. अहो, मग कथा कुठेय? या प्रकारात सगळी गंमत नियमांचीच आहे. दोघांना बोलायचंय आणि नियम बोलू देत नाहीत, यावरच तर तीनशे पानं निघतात.

तर पहिलं काम, वर्ष पक्कं करा. रीजन्सी म्हणजे 1811 ते 1820, राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे कारभार बघू शकत नव्हता म्हणून त्याचा मुलगा प्रिन्स रीजंट म्हणून बसला तो काळ. "साधारण त्या सुमारास" असं ढोबळ ठेवू नका. मला विचाराल तर 1816 घ्या, डोळे झाकून. आदल्या जूनमध्ये नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई आटोपलेली, त्यामुळे लढाई संपून रिकामे झालेले देखणे अधिकारी लंडनभर, 2 मे ला राजकन्या शार्लटचं लग्न म्हणून शहर आधीच लग्नाच्या मूडमध्ये, फॅशनचा बादशहा ब्रमेल कर्जापायी फ्रान्सला पळून गेल्याचं ताजं गॉसिप, आणि वर उन्हाळाभर थंडी-पाऊस. हा पाऊस इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीची कृपा, तो 1815 च्या एप्रिलमध्ये फुटला होता, पण तुमच्या पात्रांना हे माहीत नसणार, कोणाच्या तोंडी घालू नका प्लीज. तुम्हाला मात्र चिखलात रुतलेली बग्गी आणि ओला कोट फुकटात मिळाला.

सीझन म्हणजे काय तर पार्लमेंट भरलं की उमराव मंडळी बायकामुलांसकट लंडनला येणार, आणि उन्हाळा सरता सरता परत आपापल्या इस्टेटीवर. मधले काही महिने म्हणजे न संपणारा कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त पोह्यांच्या जागी बॉल (म्हणजे नाचाचा समारंभ), नाटक आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला हाइड पार्कात मिरवणं. मुलीची आई हे पात्र आपल्याला काही कोणी शिकवायला नको.

आता नियम. ओळख करून दिल्याशिवाय पुरुषाने अनोळखी मुलीशी बोलायचं नाही. एका रात्रीत एकाच पुरुषाबरोबर दोनपेक्षा जास्त वेळा नाचलं की लोक साखरपुडा धरून चालणार. आणि माझा सगळ्यात लाडका नियम, मुलीने एकाला नाचासाठी नाही म्हटलं तर तिने दुसऱ्याबरोबरही नाचायचं नाही, निदान त्या नाचापुरतं तरी गप बसून राहायचं. आता हा एकच नियम घ्या आणि बघा काय होतं. आपली हिरोईन एका ढेरपोट्या बॅरनला "दमलेय हो मी" म्हणून कटवते आणि पुढच्याच मिनिटाला ज्याची आठवडाभर वाट बघितली तो कर्नल समोर.

"हा नाच माझ्याबरोबर?"
"मी... दमलेय."
"आत्ताच तर आलात."
"जिने फार होते."
कर्नलने मागे वळून पाहिलं. बॅरन खांबाला टेकून दोघांकडेच बघत होता.
"अच्छा," कर्नल म्हणाला, "मग मीही दमलो," आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

बघा, स्पर्श नाही, "आय लव्ह यू" नाही, नुसता एक नियम आणि त्यातून काढलेली पळवाट. प्रत्येक सीनला हेच विचारायचं, इथे कुठला नियम आड येतोय. येत नसेल तर सीन उडवा.

बॉलसाठी जागा शोधत असाल तर किंग स्ट्रीटवरचं ऑलमॅक्स सोडून दुसरीकडे जाऊच नका. दर बुधवारी बॉल, आणि आत कोण येणार हे ठरवणार लेडी जर्सी, लेडी कॅसलरे, काउंटेस लिव्हेन वगैरे मोजक्या बायका. त्यांनी व्हाउचर दिलं तर प्रवेश, नाहीतर कितीही पैसा असो, बसा घरी. खायला काय, तर लेमोनेड, चहा आणि पातळ ब्रेड-बटर, दारूचं नाव नाही 😄 आणि तरी व्हाउचरसाठी जीव टाकायचे. उशिरा आला म्हणून वॉटर्लू जिंकणाऱ्या खुद्द वेलिंग्टनला दारातून परत पाठवल्याचा किस्सा सांगतात, कोणी म्हणतं उशीर नाही, पँट चुकीची होती. हा तोच वेलिंग्टन बरं का, 1803 ला आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. जोडीदाराला धरून नाचायचा वॉल्ट्झ तेव्हा नवा आणि जरा चावट समजला जायचा, म्हणून नव्या मुलीने तिथे या बायकांची परवानगी मिळाल्यावरच तो नाचायचा. इथे एक खट सासूछाप पात्र बसवा, अर्धी कथा तीच ओढून नेईल.

पैशाला लाजू नका. इस्टेट थोरल्याला, धाकट्यांनी सैन्य, चर्च नाहीतर ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरून मुंबई-कलकत्ता गाठायचं, त्यामुळे "धाकटा भाऊ" म्हटलं की गोड पण कफल्लक हिरो तयार. हुंडा आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही हा आपला फायदा (दुर्दैवाने). साखरपुडा मात्र पुरुषाला मोडता येत नसे, अब्रू जायची आणि वर वचनभंगाचा दावा ठोकला जायचा, मुलीला त्यामानाने मोडता यायचा. खोट्या साखरपुड्याचा प्लॉट उभा राहतो तो यावरच.

संवादात शेवटपर्यंत अहो-जाहो ठेवा, एकेरीवर येणं खूप लांबवा, आणि आलं की पुढची दोन पानं दुसरं काही घडू देऊ नका. "युअर ग्रेस" फक्त ड्यूक आणि डचेसला, अर्लला म्हटलंत तर जाणकार वाचक कमेंटमध्ये सोलून काढतील. काडेपेटी 1820 च्या दशकात शेवटी शेवटी आली, तेव्हा हिरोने काडी ओढून मेणबत्ती लावायची नाही. पंख्याच्या खुणांची "गुप्त भाषा" लोक हमखास घालतात, तिचे छापील तक्ते बरेच नंतरचे, सोडून द्या. नवरीला पांढराच गाऊन हाही हट्ट नको, ती रूढी राणी व्हिक्टोरियाच्या 1840 च्या लग्नानंतर बसली.

शेवट लग्नानेच होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं, प्रश्न फक्त कसं याचा. इंग्लंडच्या 1753 च्या कायद्याने चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा हवी नाहीतर लायसन्स, आणि एकवीसच्या आत असेल तर लायसन्सला बापाची परवानगी. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला जायची, लंडनपासून तीनशे मैलांच्या वर, बग्गीत, मागे बाप. विनोदी कथेत पळापळ हवी असेल तर ती जोडी धाकट्या बहिणीची ठेवा आणि आपल्या दोघांना त्यांच्या मागे एकाच बग्गीत पाठवा, सोबत आत्याबाई झोपलेल्या. कर्नलकडे पैसा आणि ओळख असेल तर आर्चबिशपकडून स्पेशल लायसन्स काढून देता येईल, म्हणजे लग्न घरीही लावता येतं आणि वेळेचंही बंधन नाही. तसं नसेल तर मात्र मुहूर्त सकाळी आठ ते बारामधलाच धरा, मेणबत्त्यांच्या उजेडातलं संध्याकाळचं लग्न तेव्हाच्या कायद्यात बसत नाही.