खिडकीत बसून गाडीचा वेग कसा काढायचा

माझे वडील रेल्वेत कीमन होते, म्हणजे रुळांवरून पायी फिरून ते तपासणारे. प्रवासात ते डोळे मिटून बसत, ओठ हलत असत, आणि थोड्या वेळानं म्हणत, "साठच्या आसपास आहे." मला वाटायचं, जप चाललाय. ते रुळांचे सांधे मोजत असत. १३ मीटरचा एक रूळ, प्रत्येक सांध्यावर चाकांचा 'खटक-खटक' असा जोड आवाज. आपल्या सीटखालचाच जोड धरायचा आणि तो एक मोजायचा. ४७ सेकंदांत जितके जोड, तितके ताशी किलोमीटर. कारण सेकंदाला एक रूळ म्हणजे ताशी ४६.८ किलोमीटर.

आता मुख्य मार्गांवर रूळ वेल्ड करून सलग केलेत, तो ताल गेला. म्हणून विजेचे खांब बघायचे. खांबावरच्या पाटीवर वर किलोमीटर असतो, खाली त्या किलोमीटरातल्या खांबाचा क्रमांक. पुणे-दौंड मार्गावर हे किलोमीटर मुंबईपासूनचे, म्हणून आकडे दोनशेच्या घरात. वरचा आकडा २२४ चा २२५ झाला की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा, २२६ दिसताच थांबवा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. ३६ सेकंद लागले तर ताशी १००, ४५ लागले तर ८०.

पण एका किलोमीटरवर विसंबू नका. खांब बरोबर किलोमीटरच्या रेषेवर रोवलेला नसतो. दोन खांबांत सरळ मार्गावर ७२ मीटरपर्यंत अंतर असतं, त्यामुळे ५० मीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे पाच टक्के चूक. तेच पाच किलोमीटर मोजा, चूक एका टक्क्यावर येते. मग १८००० ला भागायचं. मध्येच गाडी मंदावली, तर हाती येतो तो सरासरी वेग, हे ध्यानात ठेवा.

जीपीएसवरही वेग दिसतो, पण एसी डब्यात सिग्नल बरेचदा तुटतो. पाट्या मात्र बंद काचेतूनही वाचता येतात. त्यासाठी दारात उभं राहू नका.

परवा उरुळी सोडल्यावर माझ्या मुलानं पाच किलोमीटर मोजले. "आजोबा, १७१ सेकंद!"

वडिलांनी डोळे न उघडताच भागाकार केला. "१०५."